मोहाची दारू, घरगुती (यवतमाळ जिल्हा)

मोहाची सुकी फुले पाण्यात भिजवून, ती आंबवून आणि आंबलेल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन करून घरच्या घरी तयार केले जाणारे मद्य. विदर्भाच्या यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यानच्या केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी व राळेगाव या वनप्रदेशात, गोंड, कोलाम, परधान इ. जमातींत या मद्याची परंपरा जुनी आहे. तिचा इतिहास मद्याइतकाच एका फुलाचा आहे. कारण जे फूल दारूचा कच्चा माल तेच दुष्काळात अन्न, आणि कायद्याला या दोहोंत भेद करणे कधीच नीट साधले नाही.

मोहाला मार्च-एप्रिलमध्ये पानगळीनंतर फुले येतात. फिकट पिवळसर, मांसल, रसाळ असे हे पाकळ्यांचे पुंज रात्री उमलून पहाटे आपोआप गळून पडतात. स्त्रिया व मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले चटकन दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा आधी झाडून वा जाळून टाकलेला असतो. वणव्यांचे एक कारण म्हणून वनखात्याने या प्रथेवर सतत बोट ठेवले आहे. वेचलेली फुले अंगणात वाळविली की ती मनुकांसारखी तांबूस व चिवट होतात आणि कणगीत वर्षभर टिकतात. सुक्या फुलाच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शर्करेचा असतो.

या शर्करेमुळे मोहाचे मद्य करणे सोपे होते. बिअरसाठी जव (सातू) वापरावयाचे, तर त्यातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर होण्यासाठी दाण्यांना मोड आणणे, ते भाजणे व ठराविक तापमानाच्या पाण्यात मुरविणे ही खटपट करावी लागते. पाश्चात्त्य देशांत घरगुती बिअरसाठी मोड आणलेल्या जवाचा घट्ट किंवा भुकटीरूप अर्क डब्यांतून विकला जातो, तो ही खटपट वाचविण्यासाठीच. मोहाच्या बाबतीत हे काम झाडानेच केलेले असते. सुके फूल हाच तयार अर्क होय : त्यावर पाणी घातले, की फुलावरच्या व मडक्यातल्या यीस्टमुळे किण्वन सुरू होते. या आंबवणाला यवतमाळकडे ‘सडवा’ म्हणतात. थंडीत त्याला अधिक दिवस लागतात, उन्हाळ्यात कमी. बुडबुडे थांबून फुले तळाशी बसली व गोडी जाऊन कडसर वास आला, म्हणजे तो तयार झाला असे समजतात. नंतर सडव्याचे मडके चुलीवर चढवून, त्यावर दुसरे भांडे उपडे वा तिरपे बसवून, सांधे मातीने लिंपून वाफ थंड केली जाते. प्रथम येणारा तीव्र अंश ‘पहिल्या धारेची’ दारू म्हणून ओळखला जातो. हा शब्दप्रयोग मराठीत दारूबाहेरही रूढ झाला आहे. पुढील धारा उत्तरोत्तर सौम्य असतात. सडव्यातील अल्कोहॉलचे प्रमाण थोडे असते. एकदाच गाळलेल्या दारूत ते साधारणपणे २० ते ४० टक्के भरते. मापन नसल्यामुळे गाळणाऱ्याचा अनुभव हीच येथे कसोटी. आणि तो अनुभव बव्हंशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असे.

हे मद्य विकण्यासाठी केलेले नसे. जन्म, लग्न, मृत्यू, पंचायतीचा तंटा मिटणे आणि देवकार्य या प्रसंगी ते लागे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यातील राजगोंडांचा अभ्यास केला. त्यांच्या वर्णनात पेर्सा पेन या कुलदेवतेपुढे मोहाच्या दारूची धार धरल्याचे उल्लेख येतात. नदीच्या अलीकडील गोंड त्यांचेच सगेसोयरे होत. अशा प्रासंगिक निर्मितीला मान्यता देण्याची कल्पनाही भारतात नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष प्रकरणात सुरानिर्मिती राज्याच्या देखरेखीखाली ठेवलेली आहे. तथापि कुटुंबीयांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा असून, उत्सव व यात्रा यांत चार दिवसांची सवलतही सांगितली आहे.

ब्रिटिश अमदानीत ही मुभा संपली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आले. त्या वेळचा वणी (वून) जिल्हा, म्हणजेच १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला जाऊन झालेला यवतमाळ जिल्हा, अबकारी उत्पन्नाच्या हिशेबात आला. प्रारंभी भट्टीचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत होती. मक्तेदार, बहुधा कलाल, आपल्या टापूत दारू गाळी व विकी. घरची चूल मात्र त्याच्या हक्कावरचे अतिक्रमण ठरली. पुढे सरकारी देखरेखीखालील मोठ्या मद्यशाळांतूनच दारू पुरवावी, या धोरणाला भारतीय अबकारी समितीने (१९०५-०६) बळ दिले. व्यसन आटोक्यात ठेवणे हा या धोरणाचा घोषित हेतू होता. पण त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला, की जे घरी फुकट मिळे ते दुकानातून रोकडीने घ्यावे लागले. रोकड नसलेल्या कोलाम कुटुंबाला ती सावकाराकडूनच मिळणार होती.

खरा पेच फुलाचा होता. मुंबई इलाख्यात सरकारने १८९२ चा मोहा कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या व्यापारावर व साठ्यावर बंधने घातली, तेव्हा गरिबांचे अन्न व गुरांचा चारा काढून घेतला जात असल्याची तक्रार झाली. वऱ्हाड इलाख्याबाहेर असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता, हे सुदैवच म्हणावे लागेल. कारण त्यानंतर थोड्याच वर्षांत १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांचे भीषण दुष्काळ पडले. मध्य भारतातील वनवासींना अशा काळात उकडलेली, भाजलेली वा धान्याच्या पिठात कुटलेली मोहफुले हाच आधार असे.

स्वातंत्र्य चळवळीत दारूच्या दुकानांवरील निरोधन व जंगल सत्याग्रह हे दोन्ही कार्यक्रम होते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगलचा कायदा मोडला. वनोपज कोणाचे, हा प्रश्न त्यातून उघडपणे पुढे आला. वनोपजातच मोडणाऱ्या मोहफुलाला मात्र या दोन कार्यक्रमांनी विरुद्ध दिशांना ओढले. काँग्रेस मंत्रिमंडळाने मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी १९३८ मध्ये दारूबंदी कायदा केला. पुढे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये विदर्भाला लागू झाला. मोहफुलांवर नियंत्रण ठेवण्याचे १८९२ चे तत्त्व या कायद्यात सामावलेले असल्याने, जे बंधन दुष्काळाच्या काळात यवतमाळला चुकले होते ते स्वतंत्र भारतात येऊन पोहोचले.

इंग्लंडमध्ये घरगुती बिअर करण्यासाठी १८८० पासून आवश्यक असलेला परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत घरच्या वापरासाठी बिअर करण्यास संघीय करमाफी देणारा कायदा १९७८ मध्ये संमत झाला.  तथापि दोन्ही देशांत सवलत केवळ आंबविण्यापुरती आहे. परवान्याशिवाय घरी ऊर्ध्वपातन करणे तेथेही गुन्हाच आहे. भारतात अबकारी व दारूबंदी कायद्यांचा रोख दोन्ही क्रियांवर राहिला. त्यामुळे सडव्याचे मडके सापडणे हेही खटल्याला पुरेसे ठरते.

बंदीखाली घरगुती परंपरा टिकली, पण तिचे रूप बिघडले. नाल्याकाठी लपून चालणाऱ्या हातभट्टीला मोहापेक्षा सडका गूळ स्वस्त पडतो; आंबवण लवकर व्हावे म्हणून त्यात नवसागर टाकला जातो आणि माल विक्रीसाठीच गाळला जातो. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटना मात्र आंबविण्याच्या क्रियेतून नव्हे, तर औद्योगिक मिथिल अल्कोहॉलच्या भेसळीतून घडल्या आहेत. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली ती अशाच भेसळीने. ज्या स्त्रिया एकेकाळी गाळण्याच्या जाणकार होत्या, त्यांच्याच लेकीसुना पुढे दारूबंदीच्या मागणीत अग्रभागी आल्या. यात विसंगती पाहणे वरवरचे ठरेल : सणाची दारू आणि रोजची विकतची दारू या घराच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू होत.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. यवतमाळमध्येही अशा बंदीची मागणी होत आली आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांचे नियमन वा बंदी आणि गौण वनोपजाची मालकी, असे दोन्ही अधिकार देऊ केले. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये झाले. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. फुलांपासून लाडू, सरबत व मुरंबा करण्याचे उद्योग स्त्रियांच्या बचत गटांनी ठिकठिकाणी सुरू केले आहेत. परवान्याशिवाय ती आंबविणे व गाळणे हा मात्र अद्याप गुन्हा आहे.