महजरांतील माणूस आणि रोख्यांतील माणूस
(इंदापूर-सुपें मुलखाच्या कागदांवरून एक विचार)

मनुष्य स्वतःच्या कर्तृत्वानें घडतो कीं समाजाच्या सांच्यांत ओतला जातो, हा वाद तत्त्वज्ञांनीं पुष्कळ केला आहे. संशोधकास तो कागदावर तपासून पाहतां येतो. दस्तऐवजांत मनुष्य कोणत्या नात्यानें उभा राहतो आणि कोणाच्या साक्षीनें बोलतो हें पाहिलें म्हणजे त्या काळच्या समाजानें त्यास काय मानिलें होतें तें कळतें. या दृष्टीनें आम्हीं येथें इंदापूर व सुपें हा मुलूख विचारास घेतला आहे. भीमेच्या उजव्या तीरावरील डाळज, पळसदेव इत्यादि गांवें इंदापुराकडचीं. शहाजीराजांच्या मोकाशांत पुणें व चाकण यांबरोबर हे दोन्ही परगणे होते. तेव्हां येथील कागदांचें महत्त्व वाचकांस निराळें सांगणें नको.

प्रथम महजर घेऊं. वतनाचा तंटा पडला म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन व बलुतेदार असें गोत बसे आणि निवाडा होई. शेवटीं साक्षींचीं नांवें येत. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी: पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, महाराचा विळा-दोर. ही निशाणी त्या एका माणसाची खूण नव्हे. तोच नांगर बापानें काढिलेला असे व पुढें मुलगाही तोच काढी. महजरांतील माणूस गोतांतील एक जागा भरून असतो. ती जागा त्यास मान देई, तशीच ती त्यास बांधूनही ठेवी. महाराची साक्ष सीमेच्या तंट्यांत अवश्य मानीत. पण तो कोठें बसेल हें गोतच ठरवी. या वतनाच्या बेडीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत विधेयक मांडिलें, हें विसरून गोताचा गौरव करणें न्याय्य होणार नाहीं.

जमिनीचा हिशेबही याच रीतीचा होता. मिराशी जमीन थळांत वांटलेली असे व थळ एका कुळीच्या जथ्याकडे असे. जथ्यांतील एकाकडून वसूल न आला तर त्याचा भार भाऊबंदांवर पडे. इंग्रजी अंमलांत प्रिंगल यांनीं प्रथम जी मोजणी केली तिचे दर न पेलल्यानें इंदापूर तालुक्यांत पुष्कळ जमीन ओसाड पडली. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ मध्यें याच तालुक्यांत नवी पाहणी आरंभिली, दर हलके केले व ते तीस वर्षांसाठीं कायम केले. लागवड वाढली, हा त्या पद्धतीचा गुण मान्य केलाच पाहिजे. तिचे नियम १८४७ मध्यें एकत्र ग्रथित होऊन पुढें मुंबई इलाख्यांत पसरले. मात्र आतां शेतास नंबर मिळाला आणि नंबरास खातेदार. जथ्याच्या जागीं एकटें नांव आलें.

हें एकटें नांव जेथें सर्वांत ठळक दिसतें तो कागद म्हणजे कर्जरोखा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षें ठरली. हेतु कुळाच्या संरक्षणाचा होता. परंतु मुदत संपण्यापूर्वीं सावकार व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेऊं लागला. अमेरिकेंतील यादवी १८६५ मध्यें संपतांच कापसाचे भाव उतरले. इंदापुराची तीस वर्षांची मुदत सरून १८६७ मध्यें साराही वाढला. खातेदार कोर्टांत उभा राहिला तो गोतावांचून.

पण गोत मेलें नव्हतें. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडें गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्यानें हजामत व परटानें धुणें बंद केलें. महजराखालीं ज्या धंद्यांच्या निशाण्या उमटत तेच धंदे येथें शस्त्र झाले. नंतर १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत लोकांनीं वह्या व रोखे मागून घेतले आणि जाळले. दुकानें लुटलीं गेलीं हें खरें. तरी लोकांचा मुख्य रोख कागदावर होता, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

याच्या शेजारीं वाङ्मयांतील एक प्रसंग ठेवून पाहावा. देहूचे तुकोबा कुणबी कुळांतले. घरीं महाजनकी व सावकारी. शके १५५२ च्या, म्हणजे इ. स. १६३० च्या, दुष्काळानें घर मोडलें. पुढें त्यांनीं खतांपैकीं निम्मीं भाऊ कान्होबास देऊन आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं, असें महीपती सांगतात. त्यांचें भक्तलीलामृत शके १६९६ मधील, म्हणून कथा प्रमाण मानितांना परंपरेचें अंतर लक्षांत घ्यावें. आम्हांस येथें प्रयोजन आहे तें वांटणीचें. विरक्तानेंही भावाचा हक्क आधीं काढून ठेविला. त्याचा त्यागदेखील भाऊबंदकीच्या मर्यादेंत झाला. तुकोबांनीं सोडिलें तें येणें होतें, सुप्यास जाळिलें गेलें तें देणें. तरी एकाच्या वैराग्यास व दुसऱ्याच्या संतापास ज्या समाजानें आकार दिला तो एकच होता.

सरकारनें चौकशी नेमिली व १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानें दस्त गांवच्या रजिस्ट्रारसमोर करणें आवश्यक ठरलें. म्हणजे कुळाच्या नांवाजवळ पुन्हां एक साक्ष बसविण्याचा हा यत्न होता. जोतीराव फुल्यांनीं १८८३ मध्यें शेतकऱ्याचा असूड लिहिला तो याच पिढीच्या हलाखीवर.

यावरून संग्राहकांस आमची एकच सूचना आहे. दप्तर हातीं आलें कीं सनदा व शिक्क्यांचे कागद वेगळे काढून रोखे, पावत्या व निशाण्यांचे कागद रद्दींत टाकण्याची रीत अजून गेलेली नाहीं. तसें केल्यानें पराक्रमी पुरुष हातीं राहतो व त्यास घडविणारें गांव हरवतें. भीमाकांठीं ही हानि विशेष जाणवते; कारण १९८० मध्यें पुरें झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखालीं जुन्या गांवठाणांच्या जागाच गेल्या. पळसदेवाचें जुनें मंदिर उन्हाळ्यांत पाणी ओसरल्यावर पुन्हां दिसतें; कागदाचें तसें नाहीं. म्हणून या कांठच्या घरांतून जो रुमाल मिळेल तो मूळ क्रमानें, गांवाच्या नांवासह, अखंड राखावा. आणि यादी करितांना नांगर, तागडी व विळा-दोर यांची नोंद शिक्कामोर्तबाइतक्याच काळजीनें करावी.