तंबूतलं भूत, दारातला देवऋषी

1982चा चैत्र. बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या एसटीतून तुम्ही एका जत्रेच्या गावी उतरता. नीरा डाव्या कालव्यावर पोसलेल्या उसाला लागून टुरिंग टॉकीजचा तंबू उभा आहे. भोंगा ओरडतोय. मधल्या दोराच्या अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये. तुम्ही मातीतच मांडी ठोकून बसता.

पडद्यावर ‘गहराई’ लागतो. 1980चा, अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा. वाडवडिलांची जमीन साबणाच्या कारखान्याला विकणारा बाप आहे श्रीराम लागू. जमीन जाते आणि मुलगी, पद्मिनी कोल्हापुरे, परक्याच आवाजात बोलू लागते. बापाने झाकून ठेवलेलं पाप ती चारचौघांत उघडं करते. तंबूत चिडीचूप. उजनी धरणाचं पाणी नुकतंच चढलंय, पळसदेवचं जुनं गाव बुडालंय. गेलेली जमीन माणसाला झोपू देत नाही, हे इथे कुणाला समजावावं लागत नाही.

रीळ बदलताना शेजारचे आजोबा पुटपुटतात, “असल्या इद्येच्या वाटंला जाऊ ने, बाबा.”

अमेरिकेत 1973च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’नेही हीच भीती घातली होती. तिथली पोर प्लँचेटसारख्या पाटाशी खेळते आणि पुढे सैतान तिचा ताबा घेतो. पण या ताकिदीत खोट आहे. भूत खरंच असतं, हे ती आधीच कबूल करते. मग घाबरलेला माणूस जादूटोण्यापासून लांब जात नाही. अधिक जबर मांत्रिक शोधतो.

सकाळी वस्तीवर तेच घडतं. नवी सून दोन दिवस जेवलेली नाही, तापात बडबडतेय. “बाहेरचं हाय तिला,” सासू सांगते. देवऋषी लिंबू उतरवतो, निखाऱ्यावर मिरच्या टाकतो आणि तिचं तोंड धुरावर दाबतो. ती किंचाळते. “बगा, भूत वरडाया लागलं!”

तुम्हाला रात्रीच्या सिनेमातले मांत्रिक, अमरीश पुरी, आठवतात. बरं करायच्या नावाखाली तो मांत्रिक मुलीला स्वतःच्या सिद्धीसाठी वापरू बघतो. सिनेमातला खरा इशारा तो होता. पण तंबूतल्या सगळ्यांचे डोळे भुतावर खिळले होते.

पुढच्या दशकात या. शिक्षणाने कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेले लागू आता अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या नरेंद्र दाभोलकरांच्या जोडीने गावोगाव श्रद्धा-अंधश्रद्धेवर लोकांसमोर वाद-संवाद करताहेत. आणखी पुढे, 20 ऑगस्ट 2013. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या जातात. काही दिवसांत वटहुकूम निघतो, डिसेंबरात महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा होतो.

त्याची अनुसूची वाचा. भूत उतरवायच्या बहाण्याने साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. 1982ची ती सकाळ तिथे गुन्हा म्हणून लिहिलेली आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. भूत आहे की नाही या वादात कायदा पडत नाही, तो धुरी देणाऱ्याचा हात धरतो.

तुमच्या वस्तीवर अशी धुरी पेटली तर पोलिसांना कळवा, त्या बाईला दवाखान्यात न्या. आणि ती काय बोलतेय ते नीट ऐका. ‘गहराई’तल्या मुलीने घरातलं खरंच सांगितलं होतं.