सव्वा महिन्याची राखण
धाराशिव जिल्ह्यातील बाळंतीण, तिचे मन आणि त्याला मिळालेली नावे

मराठवाड्यात बाळंतिणीच्या कानाला फडके बांधतात, वारे लागू नये म्हणून. हे वारे नेमके कोणते? या एका शब्दात तीन अर्थ आहेत. पहिला साधा, फटीतून येणारी गार हवा. दुसरा आयुर्वेदातला वात. प्रसूतीनंतर तो बळावतो आणि शरीराबरोबर मनही बिघडवतो, असे वैद्य सांगत आले. तिसरा अर्थ अंगात संचारणाऱ्याचा: देवीचे वारे, भुताचे वारे. बाळंतीण रात्र रात्र जागू लागली, असंबद्ध बोलू लागली, बाळाला जवळ घेईना, की आपल्याकडे म्हणत, ‘वारं लागलं’. बोलणाऱ्याच्या मनात हे तीनही अर्थ एकत्रच असत.

बाळंतपणाच्या आगेमागे बाईच्या मनाला जे होते, त्याला समाजाने, कायद्याने आणि सरकारी दवाखान्याने कोणती नावे दिली आणि त्या नावांनी तिला काय मिळाले, याचा धाराशिव जिल्ह्याच्या अंगाने घेतलेला हा मागोवा आहे.

राखण कोणाची?

गर्भवतीच्या मनाची दखल आपल्या परंपरेने घेतली नाही, असे म्हणता येणार नाही. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आला. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत गर्भवतीला दोन हृदयांची मानले आहे आणि तिची इच्छा मोडली तर गर्भाला बाधा होते असे म्हटले आहे. म्हणजे मन जपायचे ते गर्भासाठी.

बाळंतपणानंतरही तसेच. पाचवी-सटीच्या रात्री दिवा तेवत ठेवायचा, कोणीतरी जागायचे. सटवाई त्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. बाळंतिणीला एकटे सोडायचे नाही, विहिरीकडे जाऊ द्यायचे नाही, कारण तिथे साती आसरा असतात. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते आणि दुसऱ्या बाळंतिणीला धरते. ही सगळी भीती बाजूला ठेवून नुसते वेळापत्रक पाहावे. आजचे वैद्यक सांगते की प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. आपल्या बायकांनी जागरण आणि राखण ठेवली ती याच दिवसांत. विहिरीची बंदीही काही उगाच आलेली नसावी. कारण चुकीचे सांगितले, पण पाहणे अचूक होते.

या राखणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वारे उतरवण्यासाठी देवऋषी बोलावला जाई. मिरचीची धुरी, मार, उपास हे उपाय ओल्या अंगाच्या बाईवर होत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरवले. हा कायदा यायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा बळी जावा लागला.

कायद्याच्या नजरेतून

‘वारं’ हे नाव जिथे लागत नसे, तिथे ‘गुन्हा’ हे नाव लागे. पुण्यात काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने लोकलाजेपोटी आपले नवजात मूल मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यामागे असेच प्रसंग होते. आपल्या शेजारच्या पंढरपुरात १८७५ मध्ये तसेच गृह सुरू झाले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. त्यावरच्या चर्चेने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले.

या थोर माणसांनी विधवेची लाज, पुरुषाचा दांभिकपणा आणि समाजाचा क्रूरपणा पाहिला. ओल्या बाळंतिणीचे मन बिघडलेले असू शकते, हा मुद्दा मात्र त्या वादात पुढे आला नाही. तो युरोपातल्या वैद्यकात आला होता. फ्रेंच वैद्य मार्से यांनी १८५८ मध्ये गर्भवती आणि बाळंतिणींच्या वेडावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडने १९२२ मध्ये कायदा करून प्रसूतीमुळे मनाचा तोल गेलेल्या आईच्या हातून झालेली नवजात बालकाची हत्या खुनापासून वेगळी काढली. १९३८ मध्ये ही सवलत मूल वर्षाचे होईपर्यंत वाढवली. त्याच इंग्रजांचे राज्य येथे होते, पण तो कायदा इकडे आला नाही, स्वातंत्र्यानंतरही नाही.

त्यामुळे मूल घेऊन विहिरीत उडी टाकलेली आई वाचली, तर ती आरोपी. १९४० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे धिराजिया हिचा खटला आला. तिचे बाळ सहा महिन्यांचे होते. नवऱ्याच्या भीतीने ती रात्री बाळाला घेऊन निघाली, मागे पाऊल वाजले, तिने विहिरीत उडी टाकली. न्यायालयाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवला. १९५३ मध्ये मध्य भारतात ग्यारसीबाई हिला अशाच प्रसंगी खुनाचाच दोष लागला. दोन्ही निकालांतला कळीचा प्रश्न एकच: उडीचा परिणाम तिला कळत होता का? ती त्या काठापर्यंत का आली, हे विचारायची कायद्यात सोयच नव्हती.

जालन्याचा रस्ता

धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात. या राज्याचे वेड्यांचे इस्पितळ जालन्याला होते, म्हणजे मराठवाड्यातच. १९५३ मध्ये ते हैदराबादेत एर्रागड्डा येथे हलले. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इस्पितळ आंध्र प्रदेशात राहिले. महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आले नाही. ओल्या बाळंतिणीला तुळजापूर-उमरग्याहून येरवड्याला नेणे म्हणजे बाळाची आणि तिची ताटातूट. देवऋषी मात्र गावातच होता. लोक अडाणी होते म्हणून त्याच्याकडे गेले, हे अर्धेच उत्तर झाले.

तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करू नये, ही तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरून चालावे, हेही त्याच कायद्याने सांगितले. विहिरीच्या काठावरच्या बाईला इतका न्याय मिळायला एवढी वर्षे लागली.

बेचाळीस दिवस

आता घरोघरची राखण आशाताई करतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरपोच नवजात सेवेचा जो प्रयोग केला, त्यातून २०११ मध्ये देशभर कार्यक्रम उभा राहिला. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचे वजन, ताप, दूध पाहते. आईबद्दल अंगावरून जाणे, ताप विचारते, आणि ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का, हेही विचारते.

बेचाळीस दिवस म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिनाच. आणि असंबद्ध बोलणे म्हणजे तेच जुने ‘वारं’. नवी यंत्रणा नकळत जुन्याच खुणांवर उभी आहे. तिची उणीवही जुनीच आहे. मोठ्याने बोलणारे वेड दोघींना दिसते, गप्प बसलेली उदासी दोघींनाही दिसत नाही.

ही उदासी किती असते? गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गर्भवतींचा मागोवा घेतला. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांत नैराश्य आढळले. कारणे: पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेले नाते आणि मुलगी होणे. सहा ते आठ आठवडे म्हणजे राखण उठल्यानंतरचा काळ. माहेरचे डिंकाचे लाडू संपलेले, सासर सुरू झालेले.

आपल्याकडे कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या कितीतरी बायकांना सव्वा महिनाही मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाची वाट धरली की नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळी असो, पोट असो, दिवस भरला नाही की खाडा. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर अंडाशयही निघाले तर तरुण वयातच पाळी जाते, झोप उडते, जीव घाबरा होतो. या बायकांच्या मनाचे काय झाले, हे कोणत्याच रकान्यात नाही.

२०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळ आणि आपला जिल्हा बळीराजा चेतना अभियानासाठी निवडले गेले. घरात कोणी उदास आहे का, हे विचारायला सरकार प्रथमच इथल्या दारात आले. ते विचारले ते कर्त्या पुरुषाच्या काळजीने. बाजेवरच्या बाईलाही तोच प्रश्न विचारायला वेगळे इस्पितळ लागत नाही. बेचाळिसाव्या दिवशी वजनकाटा पिशवीत ठेवता ठेवता विचारता येतो, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या महिन्यातही.

आपल्या तुळजाभवानीला नवरात्रानंतर कोजागरीपर्यंत मंचकी श्रमनिद्रा असते. देवीलाही श्रम होतात, तिलाही निजू द्यावे लागते, हे या जिल्ह्याने शतकानुशतके मानले आहे. घरच्या बाईच्या बाबतीत ते मानायला कोणता नवा धर्म लागणार नाही.