गेमिंग संगणक जुळवताना मदरबोर्डची निवड

खेळांसाठी संगणक जुळवून घेणाऱ्याचे लक्ष प्रथम ग्राफिक्स कार्डाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे, कारण पडद्यावरचे चित्र त्याच्या जोरावर उमटते आणि खर्चातला मोठा वाटाही तेच उचलते. मदरबोर्डचा विचार मात्र बहुधा शेवटी, उरलेल्या पैशांत केला जातो. हा क्रम उलटा आहे. कोणता प्रोसेसर बसेल, कोणती रॅम चालेल, तीन वर्षांनी एकच भाग बदलून भागेल की सारेच नव्याने घ्यावे लागेल, हे मदरबोर्ड ठरवतो. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून किंवा ऑनलाइन मागवणाऱ्या गोव्यातील ग्राहकाने तर याचा विचार आधीच केलेला बरा. खोके उघडल्यावर भाग जुळत नाही असे लक्षात आले, तर तो परत करताना नाकी नऊ येतात.

प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट २०२१ मध्ये आले आणि १२व्या, १३व्या व १४व्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी मात्र एलजीए १८५१ हे वेगळेच सॉकेट लागते. एएमडीकडे जुने एएम४ आणि २०२२ पासूनचे एएम५ अशी दोन सॉकेट आहेत. एएम४ चा इतिहास येथे उपयोगी पडतो. २०१७ मध्ये पहिल्या रायझेनसाठी घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यानंतर, २०२२ चा रायझेन ७ ५८००एक्स३डी चालू शकला. एएम५ लाही २०२७ व त्यापुढे आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे आज रायझेन ५ ७६०० घेणाऱ्याला पुढे त्याच मदरबोर्डवर रायझेन ७ ९८००एक्स३डी बसवण्याची वाट मोकळी राहते. टप्प्याटप्प्याने खर्च करणाऱ्या कुटुंबासाठी आज एएम५ हीच शहाणपणाची निवड ठरते.

एएम५ आणि इंटेल या दोहोंतही आता केसासारख्या बारीक पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्येच असतात. त्यांतली एक वाकली तरी रॅमची एखादी खाच बंद पडू शकते, आणि अशी हानी सहसा वॉरंटीत बसत नाही. वापरलेला मदरबोर्ड घेताना सॉकेट उजेडात तिरके धरून पाहावे आणि त्यावरचे प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे.

सॉकेटनंतर चिपसेट येतो. इंटेलमध्ये एच६१०, बी७६० आणि झेड७९०, तर एएमडीमध्ये ए६२०, बी६५० आणि एक्स६७० अशा चढत्या पायऱ्या आहेत. इंटेलच्या प्रोसेसरचा वेग हाताने वाढवण्याची मुभा झेड वर्गातच मिळते, तीही नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरना. एएमडी ती बी वर्गातही देते. केवळ खेळण्यासाठी बी वर्ग पुरेसा आहे आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. मात्र एच६१० वर १४व्या पिढीचा आय७ बसवण्याची काटकसर करू नये. तो प्रोसेसर त्यात बसतो, पण स्वस्त बोर्डवरील वीजनियमनाचे घटक तापले की त्याचा वेग घसरतो.

इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. २०२४ मध्ये या पिढ्यांतील काही शक्तिशाली प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे अस्थैर्य आढळले. इंटेलने बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. परंतु आधी झालेली हानी त्या दुरुस्तीने भरून निघत नाही. असा प्रोसेसर वापरलेला आणि बिलाशिवाय मिळत असेल, तर तो टाळलेला बरा.

सॉकेट जुळले तरी संगणक सुरू होईलच असे नाही. बी६५० मदरबोर्ड दुकानात दीर्घकाळ पडून राहिला असेल, तर त्यातील बायोस रायझेन ९००० मालिका जन्मण्यापूर्वीचा असतो. पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो आणि मग दोष नसलेला भागच सदोष ठरवला जातो. अनेक मदरबोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते. त्याच्या साहाय्याने पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवताही, बायोस बदलता येतो. ते नसेल तर दुकानदाराकडूनच बायोस अद्ययावत करून घ्यावा.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमना २८८ संपर्कबिंदू असतात, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. एएम५ आणि एलजीए १८५१ वर केवळ डीडीआर५ चालते. खरा घोळ एलजीए १७०० वर होतो, कारण त्याचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात आणि नावे जवळपास सारखीच असतात. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात आणि चार खाचा असल्यास प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय चालू करावा लागतो. तो न केल्याने ६००० च्या वेगाची रॅम ४८०० वर चालवणारे कमी नाहीत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव भडकले. घरात आधीपासून डीडीआर४ असेल, तर एएम४ वर रायझेन ५ ५६०० हा पर्याय त्यामुळेच अजून विचारात घेण्यासारखा आहे.

ग्राफिक्स कार्डाची खाच सर्वत्र सारखी दिसली तरी आतले मार्ग सारखे नसतात. आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चारच पीसीआय मार्ग वापरते. बी४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर तिची कामगिरी ठळकपणे खालावते. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही सुविधा चालू असलेला मदरबोर्ड हवा.

एसएमपीएसवर केलेली बचत सर्वांत महागात पडते. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, आरटीएक्स ५०७० ला २५०. त्यांसाठी अनुक्रमे ५५० आणि ६५० वॉटचे चांगले एसएमपीएस पुरतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. ‘८० प्लस’ ही खूणही वीज किती वाया जाते एवढेच सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा यूपीएस हवाच. पण स्वस्त यूपीएसचा चौकोनी तरंग काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही आणि बॅटरीवर जाताच संगणक बंद पडतो.

आकारांचे गणित सोपे आहे. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कार्डाची लांबी आणि कूलरची उंची तेवढी पडताळावी. रायझेन ५ ७६०० बरोबर कूलर येतो, रायझेन ७ ७८००एक्स३डी बरोबर येत नाही. एसएसडी एनव्हीएमई प्रकारचीच घ्यावी.

शेवटी बाजारात अजून विकल्या जाणाऱ्या एच६१ मदरबोर्डांविषयी. त्यांवर इंटेलचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात आणि ‘गेमिंग पीसी’च्या अतिस्वस्त संचांत तेच दडलेले असतात. या प्रोसेसरना एव्हीएक्स२ या सूचना कळत नाहीत, त्यामुळे काही नवे खेळ सुरूच होत नाहीत. विंडोज ११ ची अधिकृत अट टीपीएम २.० ची आहे आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळण्यासाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. म्हणून असा संच विकत घेण्यापूर्वी मदरबोर्डचे पूर्ण नाव लेखी मागावे आणि जीएसटी बिलावर त्याचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. दुकानदार नाव सांगण्यास टाळाटाळ करत असेल, तर तो संच घेऊ नये.