लहान आतड्यातील गाठ: अंधाऱ्या भागात उजेड कसा पोहोचला?

“डॉक्टर, वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण घातली, रिपोर्ट नॉर्मल आले. मग हिमोग्लोबिन का उतरतंय?” शिरगाव-बदलापूरच्या दवाखान्यांत हा प्रश्न नवा नाही. याचे उत्तर तपासण्यांच्या इतिहासात सापडते.

तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली मोठे आतडे आणि लहान आतड्याचे शेवटचे टोक पाहते. मधले काही मीटर लांबीचे, वेटोळे घातलेले आतडे राहूनच जाते.

१८९५ मध्ये रॉन्टजेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढे रुग्णाला बेरियम पाजून ठरावीक वेळाने एक्स-रे काढू लागले. मोठी गाठ किंवा अरुंद झालेला भाग त्यात दिसे, पण लहान गाठ वेटोळ्यांत लपून राही. शंका उरली, तर पोट उघडून पाहावे लागे.

१९७१ मध्ये इंग्लंडमध्ये हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तोही मेंदूचा. आज सीटी एन्टेरोग्राफीत भरपूर द्रव पाजून आतडे फुगवतात. मग आतड्याची भिंत, बाहेरच्या बाजूला वाढलेली गाठ आणि यकृतापर्यंत झालेला प्रसारही दिसू शकतो.

खरी क्रांती २००० च्या आसपास झाली. क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम केलेले इस्रायली अभियंते गॅव्रिएल इद्दान यांनी गिळता येईल असा कॅमेरा बनवला. ही कॅप्सूल काही तासांत हजारो फोटो काढते, पण तुकडा घेऊ शकत नाही. २००१ मध्ये जपानच्या डॉ. यामामोटो यांनी दोन फुग्यांच्या दुर्बिणीची पद्धत मांडली. फुगे आतडे धरून मागे सरकवतात, दुर्बीण खोलवर जाते आणि तुकडाही घेता येतो.

हा तुकडा आपल्याकडे फार महत्त्वाचा. आतड्याचा क्षयरोगही गाठीसारखा दिसू शकतो. क्षयाला बहुधा गोळ्या पुरतात, कर्करोगाला अनेकदा शस्त्रक्रिया लागते. म्हणून नुसत्या फोटोवरून घाबरू नका. कर्करोगच निघाला, तर १९४१ पासून परळला असलेले टाटा मेमोरियल आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे.

लक्षात ठेवा: काळी शौच, पुन्हा पुन्हा होणारा ॲनिमिया, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा जेवणानंतर पोटात येणारी कळ असेल, तर दोन नॉर्मल रिपोर्टांवर थांबू नका. “लहान आतडे तपासायला हवे का?” असे डॉक्टरांना विचारा. पोट फुगून उलट्या होत असतील, तर ते आधी सांगा. अरुंद जागी कॅप्सूल अडकू शकते, म्हणून अशा वेळी प्रथम स्कॅन करतात.