विकास शुल्क म्हणजे काय? घर बांधताना पाणी आणि सांडपाण्याचा पैसा कोण भरतो?

नवीन घर, इमारत किंवा रिसॉर्ट उभे राहिले की गावाच्या पाण्यावर आणि सांडपाण्यावर भार वाढतो. त्या वाढीव भारासाठी बांधकाम करणाऱ्याकडून परवानगीच्या वेळी एकदाच घेतली जाणारी रक्कम म्हणजे विकास शुल्क. अमेरिकेत याला ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात. पाणीपट्टी वेगळी. ती वापरासाठी दरवर्षी भरायची असते. या दोन्हींची गल्लत झाली, की कुटुंब नको तिथे पैसे देऊन बसते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ मध्ये विकास शुल्काचे प्रकरण १९९२ साली आले. कलम १२४-अ पासून पुढे ते आहे. आकारणी रेडी रेकनरच्या दरावर होते. निवासी बांधकामाला दर कमी, व्यापारी बांधकामाला जास्त. हा पैसा वेगळ्या निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवरच खर्च करायचा असतो.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरासाठी नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावतीच परवानगी मानली जाते. म्हणून ती पावती जपून ठेवा.

केळव्यात काय लागू होते?

पालघर शहरात नगर परिषद आहे, तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. केळव्यात ग्रामपंचायत. गावठाणातल्या घरासाठी चौकशी ग्रामपंचायतीत करा, गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात. शुल्क घेणारे कार्यालय आणि नळ टाकणारी ग्रामपंचायत एकच असेल असे नाही. खरी अडचण इथेच येते. पैसा एकीकडे जमा होतो आणि पाणी मात्र दुसरीकडे मागावे लागते.

ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्याच्या कलम १२४ खाली सामान्य आणि विशेष पाणीपट्टी लावू शकते. आकारणी मान्य नसेल तर मुदतीत पंचायत समितीकडे अपील करता येते.

२०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. गावातल्या कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा गावाने रोख, साहित्य किंवा श्रमदानाने उचलायचा असतो. डोंगराळ व जंगलपट्टीतल्या, तसेच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत हा वाटा ५ टक्के.

गटार नसेल तर?

तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्याचा खर्च घरमालकाचाच. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. समुद्रकाठी हा नियम जास्त महत्त्वाचा, कारण विहिरींचा उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी होणाऱ्या गावात रिसॉर्टचा पाणीवापर आणि पाच माणसांच्या घराचा वापर एका मापाने मोजणे रास्त नाही. व्यापारी जोडणीचा दर वेगळा आहे का, हे ग्रामसभेत विचारा.

रास्त शुल्काची कसोटी

अमेरिकेत एका घरमालकाकडून रस्त्यांच्या नावाने २३,४२० डॉलर घेतले गेले. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की शुल्क कायदे करणाऱ्या मंडळाने ठरवलेले असले तरी ते घटनेच्या कसोटीतून सुटत नाही. शुल्क आणि पडणारा भार यांचा मेळ बसायला हवा, ही ती कसोटी. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण प्रश्न आपलाही तोच आहे.

पैसे भरण्याआधी विचारा:

• हे शुल्क कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे?
• हिशेब कसा केला? लेखी मिळेल का?
• पैसा कोणत्या निधीत जातो? आमच्या भागात त्यातून काय झाले?
• अधिकृत पावती मिळेल ना?

पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. उत्तर मिळत नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मशीद किंवा मदरशाची नळजोडणी असेल तर अर्ज ट्रस्टच्या नावाने करा आणि ती कोणत्या वर्गात धरली आहे ते तपासा.

ग्रामसभेला घरातल्या बायकांनाही सोबत न्या. हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो, आणि गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा महिलांच्या असाव्यात असे मिशनचेच म्हणणे आहे.