आजीवन ते अठ्ठावीस दिवस : पहिल्या फोनच्या निवडीचा इतिहास

वाङ्मयव्यवहाराचा इतिहास शिकवताना आपण मुद्रणयंत्राला एक अध्याय देतो, नियतकालिकांना दुसरा देतो, पत्रवाङ्मयाच्या निमित्ताने टपालखात्याचाही उल्लेख करतो. मोबाइल फोनला मात्र या मांडणीत अद्याप जागा मिळालेली नाही. तो दुकानाच्या काउंटरवरचा विषय आहे, असे आपण गृहीत धरलेले असते. पहिला फोन कोणता घ्यावा आणि त्यात कोणत्या कंपनीचे कार्ड घालावे, हा प्रश्न आपल्या समाजातल्या बहुतेक घरांनी गेल्या तीसेक वर्षांत केव्हा ना केव्हा सोडवला आहे. तो सोडवताना त्या घराने किती बोलायचे, कोणाशी बोलायचे, कोणत्या लिपीत लिहायचे आणि किती दिवस संपर्कात राहायचे, हेही ठरवून टाकले. या दृष्टीने त्या निवडीकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोबाइलपूर्व काळात निवडीचा प्रश्नच नव्हता. दूरध्वनी मिळणे हीच घटना होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, किंवा अधिक अनामत भरून रांगेत पुढे सरकायचे. १९८६ साली मुंबई आणि दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ केंद्रे गावोगावी उभी राहिली, आणि फोन घरी नसला तरी कोपऱ्यावर आला. तिथे भिंतीवरच्या यंत्रात लाल आकडे पळत असत. बोलण्याची किंमत बोलता बोलताच डोळ्यांसमोर वाढताना पाहण्याचा अनुभव आपल्याला त्या काचेच्या खोक्याने दिला.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला, आणि भारतातील मोबाइल सेवेचा तो आरंभ मानला जातो. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे असा तेव्हाचा दर होता, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. या एका तरतुदीने मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू ठरवली. ऐकण्यासाठी पैसे मोजणे ही कल्पना आज विद्यार्थ्यांना सांगितली तर त्यांना ती विनोदी वाटते.

ती तरतूद २००३च्या मे महिन्यात गेली. जो फोन करील तो पैसे देईल, असे नियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, लागू केले. मोबाइलच्या प्रसाराचे श्रेय आपण उद्योगपतींना आणि जाहिरातींना सढळ हाताने देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या रुक्ष नियमाला द्यायला हवा. रिक्षाचालक, गवंडी, नळदुरुस्ती करणारा, घरकाम करणारी बाई या सर्वांना फोन परवडू लागला तो 'येणारा फोन फुकट' झाल्यामुळे. त्याच नियमातून 'मिस्ड कॉल' ही अपूर्व भाषा सुरू झाली. एक रिंग म्हणजे 'निघालो', दोन म्हणजे 'पोचलो', आणि सलग तीन वेळा म्हणजे 'तू फोन कर, माझा बॅलन्स संपलाय'. शब्दाविना चालणारा हा संकेतव्यवहार चिन्हमीमांसेच्या वर्गात उदाहरण म्हणून घेण्याजोगा आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हाती देणारी योजना आणली. पोस्टकार्डाहून स्वस्त संभाषण हे धीरूभाई अंबानींचे स्वप्न असल्याचे तेव्हा वारंवार सांगितले जाई. पण ५०१ रुपये ही फक्त सुरुवात होती. मागोमाग दीर्घ मुदतीच्या मासिक बिलांचे बंधन येत होते. शिवाय तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता. त्यातून कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे घालण्याची सोय नव्हती. म्हणजे इथे फोन निवडणे हेच कंपनी निवडणे होते. याउलट जीएसएमवाले आधी फोन घेत आणि मग कार्ड. त्या वर्षी आलेला नोकियाचा ११०० हा फोन, डोक्यावर टॉर्च असलेला, आपल्याकडे फार चालला. वीज जाणाऱ्या गावात टॉर्च हा काही गौण गुणविशेष नव्हे.

भूगोलाचीही यात एक गंमत होती. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई महाराष्ट्रात नाही. मुंबई हे स्वतंत्र मंडळ, आणि महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. पुण्याचे कार्ड घेऊन लोणावळा-खंडाळा ओलांडून मुंबईत आलेला विद्यार्थी या नकाशानुसार परमुलखात असे आणि त्याला रोमिंगचे पैसे पडत. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर आली ती २० जानेवारी २०११ रोजी. आणि एका मंडळातून दुसऱ्यात तोच क्रमांक घेऊन जाण्याची मुभा २०१५च्या जुलैमध्ये. तोवर शहर बदलले की क्रमांक बदलायचा आणि सगळ्यांना नव्याने कळवायचे. दोन कार्डांचा फोन आपल्याकडे एवढा रुजला, त्यामागे ही अडचण होती.

दरपत्रकांच्या या गद्यात मला सर्वांत रोचक वाटतो तो 'आजीवन' हा शब्द. २००५च्या अखेरीस कंपन्यांनी 'लाइफटाइम प्रीपेड' काढले. एकदा ९९९ रुपयांच्या आसपास रक्कम भरा आणि जन्मभर येणारे फोन घेत राहा, असा त्याचा गोषवारा. अनेकांनी पहिले कार्ड घेतले ते या शब्दावर विसंबून. मग हा 'जन्म' कोणाचा, हा प्रश्न उपस्थित झाला. २००६ साली ट्रायने त्याचा खुलासा केला : कंपनीच्या परवान्याचे आयुष्य तेच या योजनेचे आयुष्य, आणि परवाना केव्हा संपतो ते ग्राहकाला सांगितले पाहिजे. शब्दार्थाचा एवढा काटेकोर निवाडा आपल्या समीक्षेतही क्वचितच आढळतो.

आता लिपीकडे वळू, कारण साहित्याच्या अभ्यासकाचा या विषयाशी खरा संबंध इथे येतो. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची, हे सर्वांना ठाऊक असते. ती मर्यादा रोमन लिपीची होती. एका संदेशात १४० बाइट्स मावतात. रोमनचे अक्षर सात बिटांत बसते, म्हणून १६० मावतात. युनिकोडमधल्या देवनागरीची प्रत्येक खूण सोळा बिटांची, म्हणून ७०च. त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त या प्रत्येकाची वेगळी मोजणी. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द आपल्या कानाला चार अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी तो पंधरा खुणांचा. सत्तरांपैकी पंधरा, म्हणजे पाचवा हिस्सा एका शब्दातच संपला. तोच शब्द रोमनमध्ये तेरा अक्षरांत येतो, आणि तिथे एकशे साठांतले तेराच खर्च होतात. मराठी माणूस आळशी किंवा न्यूनगंडाने पछाडलेला असल्यामुळे रोमनमध्ये मराठी लिहू लागला, असे आपण व्यासपीठांवरून म्हणत आलो. त्यात तथ्य असेलही. पण आपल्या लिपीत लिहिले तर एका निरोपाला दोन संदेशांचे पैसे पडत, हे कारणही विचारात घ्यायला हवे होते. (दिवाळीच्या दिवशी तर एसएमएसच्या सवलती बंद असत. शुभेच्छांची गर्दी कंपन्यांना आधीच ठाऊक होती.)

स्मार्टफोनने हा हिशेब बदलला, पण लगेच नव्हे. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन भारतात आला तेव्हा त्याची किंमत ३१,००० रुपयांपासून सुरू होत होती. अमेरिकेत तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता. आपल्याकडे अशी करारपद्धती रुजली नाही. फोनची किंमत एकरकमी द्यायची आणि बोलण्याचे पैसे आगाऊ भरायचे, ही इथली रीत. पुढच्या वर्षी अँड्रॉइड आले. मात्र आरंभीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरी नीट दिसत नसे. वेलांटी भलत्याच बाजूला, नाहीतर नुसते चौकोन. तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाला पहिला स्मार्टफोन निवडताना दुकानात विचारण्याजोगा प्रश्न एकच होता : यावर मराठी दिसते का? विक्रेत्याला बहुधा उत्तर ठाऊक नसे. भारतीय भाषा वाचता येतीलच असे फोन असावेत, हा केंद्र सरकारचा आदेश निघाला तो २०१६ साली.

तोवर व्हॉट्सअ‍ॅपने काम करून टाकले होते. तिथे अक्षरे मोजली जात नाहीत. खुणांचा पैसा गेला आणि देवनागरी परत आली, हा क्रम भाषाभिमानाच्या चर्चांत सहसा सांगितला जात नाही.

२०१६ हे वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीच्यांना पैसे, अशा योजनांना ट्रायने ८ फेब्रुवारीला मनाई केली. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही योजना त्यात बारगळली. ती टिकली असती तर अनेकांच्या पहिल्या फोनवर इंटरनेट म्हणजे एका कंपनीने निवडून दिलेली पाच-पंचवीस पाने, एवढाच अर्थ उरला असता. ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली, आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत ती विनामूल्य होती. महिन्याला एक जीबीसाठी दोन-अडीचशे रुपये देणारे लोक दिवसाला एक जीबी वापरू लागले. योजनेचे परिमाण इथे बदलले : मिनिट गेले, जीबी आले. बोलणे फुकटात मिळणारी पुरवणी झाले.

२०२०च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग पडद्यावर गेले, तेव्हा असंख्य घरांत पहिला स्मार्टफोन आला तो मुलांच्या शिक्षणासाठी. एक फोन, दोन भावंडे, आणि वडील तो कामावर घेऊन जाणार. हजेरीत कोण दिसते, हे त्या घरातल्या निवडीवर ठरत होते. आणि त्यात मुलगी मागे राहण्याचा धोका अधिक होता, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दरम्यान 'आजीवन' केव्हाच मागे पडले होते. २०१८च्या अखेरपासून, ठरावीक किमान रिचार्ज मारला नाही तर येणारे फोनही बंद होऊ लागले. मुदत अठ्ठावीस दिवसांची. वर्षात असे तेरा महिने होतात. या पंचांगावर तक्रारी झाल्या, आणि निदान एक योजना तीस दिवसांची व एक दर महिन्याच्या त्याच तारखेची असावी, असे ट्रायने २०२२च्या जानेवारीत बजावले. डिसेंबर २०२४मध्ये आणखी एक दुरुस्ती आली : ज्यांना इंटरनेट नको आहे त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्ज वेगळे उपलब्ध करावे, मुदत वर्षापर्यंत असू शकेल. बटणांचा साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर तोवर न वापरलेल्या जीबींचे पैसे भरण्याची पाळी येत होती. जानेवारी २०२५मध्ये कंपन्यांनी तशा योजना जाहीर केल्या.